आगीसाठी राखलेलं पाणी

६ एप्रिल

नगरपालिकेच्या वहीत तीनच रकाने आहेत: तारीख, वेळ, पातळी. माणसांबद्दल लिहायला त्यात जागा नाही, म्हणून ही दुसरी वही. ती कोणी वाचणार नाही, तेव्हा स्पष्टच लिहितो. मला या गावाची किळस आली आहे.

आज तलावाच्या तळापर्यंत उतरलो. पंपाचा पाइप अजून पुढे सरकवता येतो का ते बघायला. येत नाही. दोन वर्षं पाऊस नाही, तर तलाव काय आणि डबकं काय. त्या डबक्यात मासे पोट वर करून पडलेत. नाकाला रुमाल बांधला तरी वास मेंदूपर्यंत जात होता. काठावर चारपाच जण त्या मेलेल्या माशांचे फोटो काढत होते. एकाने मला जरा बाजूला व्हायला सांगितलं. मी म्हणे मधे येत होतो. अठ्ठावीस वर्षं या गावाला पाणी सोडतोय, आणि मी मधे येतोय.

संध्याकाळी कमिटीची बैठक झाली. अध्यक्ष आपले हेडमास्तर, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी अजून सगळ्यांना बाकावर उभं करायची हौस आहे. अग्निशमनचे साहेब आले होते. डोंगराच्या पलीकडच्या बाजूला जंगल तीन ठिकाणी पेटलंय. वारा फिरला तर आग अलीकडे येईल, आणि पहिली सापडेल ती आमची वरची ओळ. बावीस घरं, मागे थेट वाळलेलं रान, आणि रस्ता इतका अरुंद की मोठा बंब चढतच नाही. त्यामुळे टेकडीवरची टाकी टँकरने काठोकाठ भरायची, तिथून होजपाइप टाकायचे. टाकी भरलेली असली तर पंचेचाळीस मिनिटं पाणी मिळेल. तेवढ्यात लहान बंब दुसऱ्या गावाहून येतो.

“ही पंचेचाळीस मिनिटं सांभाळा,” साहेब मला म्हणाले. “बाकी काही नाही केलंत तरी चालेल.”

ओळीतलं पहिलं घर माझं आहे. त्यांनी सांगायची गरज नव्हती.

९ एप्रिल

टाकी भरली. आठ फूट. झाकणाला कुलूप लावलं, त्याची किल्ली माझ्या कमरेला. तळाचा व्हॉल्व्ह उघडायला लांब दांड्याची लोखंडी चावी लागते, ती आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी खुंटीला असते. अठ्ठावीस वर्षं तिथेच आहे, गावात दुसरी नाही.

प्यायला-वापरायला टँकरचं पाणी, माणशी दहा लिटर. पहिल्याच दिवशी रांगेत मेलेल्या माणसाच्या नावाचा कॅन घेऊन एक जण उभा होता. म्हणाला, सवयीने आणला.

१४ एप्रिल

पलीकडची दोन गावं जळाली. तिथल्या लोकांसाठी आमच्या गावाने कपडे गोळा केले. शाळेच्या हॉलमध्ये ढीग होता, हेडमास्तरांनी मला निवडायला बसवलं. काय काय दिलंय लोकांनी. बिननाडीचे परकर. काखेत पिवळ्या पडलेल्या बनियनी. एकाच पायाचा बूट, तोही डावा. एका स्वेटरच्या बाहीत उंदराने संसार थाटला होता. ज्यांचं घर गेलं त्यांना आपल्या घरातली घाण पाठवायची आणि वर पिशवीवर मोठ्या अक्षरात आपलं नाव लिहायचं. मी दुपारपर्यंत निवडलं, मग बाहेर जाऊन ओकलो. माझं पोट आधीपासूनच नाजूक आहे.

राख आता इकडेही पडते. चहावर साय धरावी तशी धरते.

१७ एप्रिल

पातळी आठ बोटं खाली.

दोनदा काठी बुडवून पाहिली. उन्हाने एवढं उडत नाही, झाकण आहे. गळती असेल म्हणून भोवती फिरलो. तळाच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यात थोडी ओल होती. व्हॉल्व्ह जुना आहे, पाझरत असेल. फडकं गुंडाळून तारेने आवळलं.

पण पाझरून आठ दिवसांत आठ बोटं जात नाहीत. कोणीतरी घेतंय. आगीसाठी राखलेलं पाणी. म्हणजे उद्या बावीस घरं जळाली तरी चालतील, पण आज यांची आंघोळ व्हायला पाहिजे. असल्या लोकांच्या तोंडावर थुंकावंसं वाटतं, पण थुंकीसुद्धा आता जपून वापरावी लागते.

आमच्या घराकडे बघावं या लोकांनी. मी, बायको आणि आई, तिघं माणसं, तीस लिटर. त्यातली आई दीड वर्ष अंथरुणाला खिळलेली. डावी बाजू गेली आहे, सगळं जागेवर. तरी हिने कधी पाण्याची तक्रार केली नाही. आईच्या खोलीला वास नाही, चादरी दोरीवर स्वच्छ वाळत असतात. नीट नियोजन केलं की कमी पाण्यातही होतं, हे मी आज रांगेत मोठ्याने सांगितलं. ही मागेच उभी होती, मान खाली घालून. हिला कौतुक केलेलं आवडत नाही.

२३ एप्रिल

झाकणाला दुसरं कुलूप घातलं. चार दिवस पहाटे आणि संध्याकाळी झुडपामागे बसून पहारा केला. कोणी फिरकलं नाही. मुंग्यांनी मात्र फोडून काढलं. रोज एक बोट जातंच आहे. पहाटे चारला उठतो, त्यामुळे दुपारी जेवल्यावर डोळा लागतो, तो चार वाजेपर्यंत. तेवढी झोप नसेल तर मी मरेन.

साहेबांना फोन करून अजून एक टँकर मागितला. ते म्हणाले, आहे ते सांभाळता येत नाही आणि आणखी कुठून देऊ. बरोबर आहे त्यांचं. 

व्हॉल्व्हची चावी खुंटीवर उलटी टांगलेली होती. माझंही हल्ली लक्ष ठिकाणावर नाही.

२८ एप्रिल

आज दारातून आईची चौकशी केली तर तिचे केस बारीक कापलेले. चांगले सफाईदार, मानेवर एकसारखे. म्हातारी एकदम शाळकरी मुलीसारखी दिसत होती. हिला म्हटलं, तुझा हात बराच बसलाय. ही म्हणाली, धुवायला सोपं जातं.

मी आत गेलो नाही. जात नाहीच. उंबऱ्यातून विचारतो, “आई, बरी आहेस ना?” ती उजवा हात हलवते. एकदा सुरुवातीला आत गेलो होतो, ही अंगाखालचं कापड बदलत होती, आणि मला जे झालं ते आईने पाहिलं. त्यानंतर नाही. प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट जमत नाही.

२ मे

चोर सापडला.

धुरामुळे खोकून खोकून दुपारी तीनलाच जाग आली. ही स्वयंपाकघरात दिसली नाही, शेजारी गेली असेल. बाहेर अंगणात आलो तर टाकीच्या पायवाटेने आपला सलूनवाला खाली उतरत होता. वरच्या ओळीतलं शेवटचं घर त्याचं. बाजारातलं दुकान दोन महिने बंद आहे, कारण दाढीला पाणी कुठून आणणार. हातात काही नव्हतं. पण त्याच्या चपलांना चिखल होता.

चिखल. या गावात कुत्र्याच्या नाकालासुद्धा ओल उरलेली नाही, आणि याच्या चपलांना ताजा, काळा चिखल. मी विचारलं, वर काय काम होतं? तो घुटमळला, म्हणाला, “काही नाही भाऊ, धूर कुठवर आलाय ते बघायला गेलो होतो.” मी त्याच्या पायांकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं. मग निघून गेला.

वीस वर्षं या माणसाच्या हातात मी गळा देतोय. आणि तो हे करतो. मला संतापापेक्षा ओकारी आली.

३ मे

शाळेत बैठक. मी उभा राहून सगळं सांगितलं: बोटं, तारखा, चिखल. पातळी साडेसहा फुटांवर आली आहे, हेही सांगितलं. हॉलमध्ये पन्नासएक माणसं. कोणीतरी मागून म्हणालं की सलूनवाल्याच्या घरी म्हातारा बाप आहे, त्याला आंघोळी लागत असतील राजासारख्या. लोक हसले. पहिल्या दिवशी रांगेत मेलेल्याचा कॅन आणणारा सगळ्यात मोठ्याने हसला.

हेडमास्तरांनी सलूनवाल्याला विचारलं, काही बोलायचं आहे का. तो उभा राहिला. हॉलभर नजर फिरवली आणि शेवटी हिच्याकडे बघत राहिला. निर्लज्जपणे, चांगला अर्धा मिनिट, माझ्या देखत माझ्या बायकोकडे. ही उठायला गेली तेव्हा त्याने नुसती मान हलवली, नाही अशी, आणि म्हणाला, “चुकलो. माझ्याकडून झालं.”

ठरलं की आठ दिवस त्याच्या घरचं टँकरचं पाणी निम्मं. मला ही शिक्षा कमी वाटली. घरी आल्यावर तसं बोललो तर ही जेवली नाही. बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

११ मे

आठ दिवसांत काठी एका बोटानेही हलली नाही. मी म्हणालो होतो तेच खरं. रांगेत आता सलूनवाल्याच्या मागे उभं राहायला कोणी तयार नसतं, दोन हात जागा सोडतात. त्याची बायको तोंडावर पदर ओढून येते. मी तिकडे बघत नाही.

घरात मात्र घाण वास यायला लागला आहे. आईच्या खोलीतून थेट स्वयंपाकघरापर्यंत. जेवताना घास फिरतो. चादरी पूर्वी रोज दोरीवर असायच्या, आता चार दिवसांनी एखादी. इतकी वर्षं टापटीप ठेवणारी बाई अशी ऐन वेळी ढिली पडते याचं नवल वाटतं. मी खाट बाहेर अंगणात टाकली आहे. बाहेर राख पडते, पण ती निदान स्वच्छ असते.

१४ मे

हिच्याशी भांडण. मी म्हणालो, खोलीकडे जरा लक्ष दे, माणसाने राहायचं कसं. ती म्हणाली, पाणी नाही. मी म्हणालो, पाणी कोणालाच नाही, महिनाभर तू चालवलंसच की.  काहीतरी बोलणार होती असं वाटलं. मग आत गेली.

आईला ताप आहे. डॉक्टरीण येऊन गेली. पाठीला पडून पडून जखमा होताहेत म्हणाली, कोरडं आणि स्वच्छ ठेवा. कोरडं ठेवायला आधी ओलं करावं लागतं, हे हिने डॉक्टरणीला सांगितलं आणि रडली. मी दारातच होतो.

२० मे, शाळेत

काल वारा फिरला.

सकाळी साडेदहाला डोंगराच्या कडेवर नारिंगी रेघ दिसली, अकराला ती खाली होती. आवाज असा की माल भरलेले ट्रक एकामागून एक घाटातून उतरताहेत. वरच्या ओळीतली सगळी माणसं शाळेत हलवली. आईला खाटेसकट नेलं. खाटेचा पुढचा भाग सलूनवाल्याने उचलला. मी त्याला नको म्हणणार होतो, पण दुसरं कोणी नव्हतं. आपल्या बापाला तो त्याआधीच पाठीवर घेऊन पोचवून आला होता.

मग मी टाकीवर. व्हॉल्व्ह मी स्वतः उघडला, अकरा वाजून दहा मिनिटांनी. चार होजपाइप. घरं भिजत होती, ठिणग्या पडून विझत होत्या. मी घड्याळाकडे बघत उभा होतो. पंचेचाळीस मिनिटं मिळणार नाहीत हे मला माहीत होतं, साडेसहा फुटांचा हिशेब मी कितीदा करून पाहिला होता. छत्तीस मिनिटांनी पाइप खोकला आणि मेला. पाइप धरलेला माणूस माझ्याकडे वळून बघायला लागला, जणू मी खिशात पाणी ठेवलं आहे.

लहान बंब त्रेचाळिसाव्या मिनिटाला आला.

त्या सात मिनिटांत शेवटची तीन घरं गेली. सलूनवाल्याचं त्यातलं पहिलं पेटलं. माणूस कोणी दगावलं नाही. रात्र आम्ही सगळ्यांनी या हॉलमध्ये काढली, त्या कपड्यांच्या ढिगाशेजारी. लोक आता त्यातूनच अंगावर घ्यायला काही शोधताहेत. आपलंच दिलेलं हातात आलं की फेकून दुसरं घेतात.

मला एकच समाधान होतं. वाटलं, ज्याने पाणी चोरलं त्याचंच घर गेलं. हे वाक्य मी खोडत नाही. मी हे मनात आणलं होतं हे इथे राहू दे.

२२ मे

आम्ही घरी परतलो. भिंती काळ्या, पण घर उभं आहे. हिने मला स्वयंपाकघरात बसवलं आणि सांगितलं.

पाणी हिने घेतलं. टाकी भरली त्या दिवसापासून, दुपारी, मी झोपलो की खुंटीवरची चावी घेऊन. फक्त हिने नाही. वरच्या ओळीत अंथरुणाला खिळलेली पाच माणसं आहेत, पाच घरं. प्रत्येकी दोन बादल्या, एकेक करून, पाळीने, शक्यतो थेंब न सांडता. पाळ्या सलूनवाल्याने लावून दिल्या, कारण त्याचा बापही त्या पाचांत. ज्या घरात फक्त म्हाताऱ्या होत्या त्यांच्या बादल्या तोच वाहायचा. आईचे केस त्याने कापले, पाठीला हवा लागावी म्हणून तिला कुशीवर वळवायला तोच शिकवून गेला. मी पकडलं त्या दिवशी हिची कंबर धरली होती, म्हणून आमच्या बादल्या तो आत ठेवून टाकीवर परत गेला होता, खड्ड्यात सांडलेलं बुजवायला. बैठकीनंतर पाचही घरांनी बंद केलं.

मी म्हणालो, मला सांगितलं का नाहीस. आवाज चढवायचा होता, चढला नाही.

“सांगून काय झालं असतं?” ही म्हणाली. “तुम्ही चावी उशाशी घेऊन झोपला असता. आणि बरोबरच केलं असतं. सात मिनिटं मीही मोजली आहेत, तीन घरं मलाही दिसतात. पण तुम्ही त्या खोलीत कधी आलात? दहा लिटरमध्ये काय होतं आणि काय होत नाही, ते बघायला एकदा तरी?”

 दीड महिना मी गावाची किळस या वहीत लिहीत होतो. आज लिहायला बसलो तर हाताला वास येतोय असं वाटतं, आणि तो गावाचा नाही.

२३ मे

ही सकाळीच शाळेत गेली, सलूनवाल्याच्या बायकोला स्वयंपाकात मदत करायला.  मी आणि आई घरी.

नऊ वाजता वास आला. मी तासभर अंगणात फिरलो. हिला बोलावून आणावं असं मनात आलं, चपला घातल्याही. मग आत गेलो.

सगळं लिहीत नाही. आईने मला बघितलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले, उजव्या हाताने चादर धरून ठेवली. मला ती ओढून सोडवावी लागली. दोनदा बाहेर जाऊन ओकलो आणि परत आलो. एक बादली संपली तरी चादर राहिली होती, माझे हात राहिले होते, पाठीचं अर्धंच झालं होतं. दुसरी आणली. आज घरात प्यायला काही उरलं नाही. मी नियोजन नीट केलं होतं, तरी उरलं नाही.

आईने एकदाही डोळे उघडून बघितलं नाही. शेवटी कोरडं कापड घातलं तेव्हा तिने चादरीवरची बोटं सोडली.

२४ मे

कमिटीने लेखी अहवाल मागितला होता, टाकी कमी का पडली याचा. मी एका कागदावर लिहिलं: तळाच्या व्हॉल्व्हची चावी माझ्या घरी राहत होती, पाणी त्या चावीने गेलं, तीन मे रोजी मी दिलेली माहिती खोटी होती, सलूनवाल्याने गुन्हा केलेला नाही. बाकीच्या चार घरांबद्दल लिहिलं नाही. हेडमास्तरांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाले, लोक तुला सोडणार नाहीत, त्यापेक्षा उन्हाने उडालं असं लिहू, कोण मोजतंय. मी म्हणालो, मी मोजतो, अठ्ठावीस वर्षं तेवढंच करतोय. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी दीड महिना दुसऱ्यांकडे बघताना माझ्या चेहऱ्यावर घेऊन फिरलो असणार.

दुपारी टँकरच्या रांगेत बातमी माझ्या आधी पोचली होती. माझ्या पुढच्याने दोन हात जागा सोडली. मागच्यानेही. सलूनवाला सहासात माणसं पुढे होता, अंगात कोणाचा तरी ढगळ शर्ट, त्या ढिगातला. तो रांगेतून निघाला आणि मागे येऊन माझ्या शेजारी त्या मोकळ्या जागेत उभा राहिला.  काय बोलायचं ते सकाळपासून पाठ केलं होतं, त्यातलं काही आठवेना.

“मावशींची पाठ कशी आहे?” त्याने विचारलं.

हा प्रश्न मला कोणी आधी विचारला असता तर मी हिच्याकडे बोट दाखवलं असतं. “उजवीकडची सुकायला लागली आहे,” मी म्हणालो. “डावीकडची अजून ओली आहे, बटणाएवढी. खालच्या कडेने.”

तो म्हणाला, मग आज तिला डाव्या कुशीवर ठेवू नका. मी बरं म्हणालो. रांग पुढे सरकली.